परक्याच्या ओसरीवर किती दिवस?

मराठी माणसाला आपले म्हणणे मांडायला आपलेच साधन हवे, हे ओळखून बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली बेळगावात 'तरुण भारत' सुरू केला. आज मात्र आपल्या सभांच्या सूचना, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची छायाचित्रे, १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाची भाषणे, सारे काही फेसबुक आणि व्हॉट्सअॅपवर पडून असते. या दोन्हींची मालक एकच परदेशी कंपनी. उद्या तिने दार लावले तर?

ही भीती पोकळ नाही. गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद केले आणि तिथल्या मराठी समूहांच्या बैठका मोडल्या. मराठी माणसांनीच १९९६ साली उभारलेली 'मायबोली' मात्र आजही चालू आहे.

२०१६ साली आलेले 'मॅस्टोडॉन' हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. प्रत्येक मंडळ आपला सर्व्हर चालवते, नियम स्वतः ठरवते, तरीही इतरांशी जोडलेले राहते. मध्यवर्ती समिती आणि घटक समित्या पाहिलेल्यांना ही रचना नवी वाटू नये.

यात खर्च आहे, अफवा रोखणारी जबाबदार माणसेही लागतील. सरकारी बंदीचा धोकाही टळत नाही. म्हणून फेसबुक आजच सोडा, असे आम्ही म्हणत नाही. आधी घरोघरची छायाचित्रे, पत्रके यांच्या प्रती आपल्या संगणकावर जपा. मग बेळगाव, खानापूर, निपाणीच्या तरुणांनी मिळून एक सर्व्हर उभारावा, ज्येष्ठांनी हातभार लावावा. वर्गणी काढून कार्य तडीस नेणे सीमाभागाला नवे नाही.