एजंट बदलायचाय? आधी त्याच्याकडून यादी मागा

मागच्या बॅचमधल्या एका ताईंचा परवा फोन आला. मसाल्याचं युनिट टाकायचं पक्कं झालंय, अंबडला गाळा बघून ठेवलाय आणि भांडवलासाठी पाथर्डी फाट्याचा टू-बीएचके विकायला काढलाय. चार महिने झाले, फ्लॅट जागेवरच आहे. "सर, एजंट काही कामाचा नाही. बदलून टाकू का?"

मी विचारलं, "किती जण घर बघून गेले?"

"असतील आठ-दहा."

"मग त्यांनी घेतलं का नाही?"

"ते एजंटलाच माहीत."

मंडळी, खरी अडचण इथे आहे. दुकानात रोज किती गिऱ्हाईक आलं आणि किती जण रिकाम्या हाताने गेले हे लिहा, असं मी प्रत्येक बॅचला सांगतो. आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा माल विकताना आपण वहीच ठेवत नाही! माझं मत स्पष्ट आहे: घर विकलं जात नाही म्हणून एजंट बदलणारे बरेच जण चुकीच्या माणसाला शिक्षा देतात. दोष किमतीचा किंवा कागदाचा असतो आणि काढून टाकलं जातं एजंटला. मीही हेच केलंय, आणि ते मला महागात पडलंय.

आमचा इंदिरानगरचा फ्लॅट होता, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वडिलांनी 42 लाख सांगितले, कारण शेजारच्या इमारतीतला 41 ला गेला होता. त्या इमारतीला लिफ्ट होती, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो. या पैशांच्या भरवशावर मी दुकानासाठी गाळा बघून 51 हजार इसार देऊन बसलो होतो, तीन महिन्यांच्या बोलीवर. एजंटनं चार महिन्यांत अकरा जण आणले आणि अकराही जिने चढून धापा टाकत परत गेले. मी चिडून एजंट बदलला. नव्यानं तेच फोटो, तीच किंमत टाकली. दोन महिन्यांत पाच जण आले. इसार तर केव्हाच गेला होता. त्यानंतर एका रविवारी बाबांच्या समोर बसून सोळा नावं कागदावर लिहिली आणि एकेकाला फोन लावला. बारा जणांनी एकच सांगितलं, लिफ्ट नाही हे आधी कळलं असतं तर आलोच नसतो. आम्ही जाहिरातीत "लिफ्ट नाही" असं स्पष्ट टाकलं आणि किंमत 38 केली. शेवटी साडेसदतीसला सौदा झाला. घेणारा कोण? पहिल्या एजंटनं दाखवलेल्यांपैकीच एक, ज्याचं बजेट तेव्हा बसत नव्हतं.

म्हणजे ज्याला मी काढलं, त्याचं काम बरोबर होतं. गिऱ्हाईक त्याचं म्हणून दलाली त्यालाच दिली, दुसऱ्याचे दोन शब्द ऐकून घेतले.

म्हणून ताईंना म्हटलं, आधी एजंटकडून यादी मागा. तारीख, नाव, आणि गिऱ्हाईक काय बोललं. ती यादी नीट वाचली तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं. फोनच येत नसतील तर किंमत नाहीतर जाहिरात बघायची. अंधारात काढलेले चार फोटो आणि त्यात कपड्यांची दोरी, असं असेल तर खरंच एजंटला धरा. लोक येतायत पण पुढे बोलत नाहीत, तर घर आणि किंमत यांचा मेळ बसत नाही. आणि बोलणी होऊन, टोकनपर्यंत येऊन सौदा मोडत असेल, तर शंभरातल्या नव्वद वेळा कागद बघायचे. नाशकात कित्येक इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत; डीड ऑफ अपार्टमेंट झालेलं नसतं, पूर्णत्वाचा दाखला सापडत नाही, पार्किंग तोंडी दिलेलं असतं, करारात नसतं. सिडकोचं घर असेल तर भाडेपट्टा आणि हस्तांतरणाचं प्रकरण वेगळंच. घेणाऱ्याची बँक इथे अडते. पाच एजंट बदलले तरी सहाव्याच्या वेळीही तीच बँक तिथेच अडणार.

किमतीबद्दल एक सोपी गोष्ट आहे, जी फार थोडे जण करतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे तुमच्या भागात नोंदलेले व्यवहार शोधता येतात, इंडेक्स टूवर मोबदला लिहिलेला असतो. पोर्टलवर दिसते ती मागितलेली किंमत, इंडेक्स टूवर असते ती नोंदलेली. दोन्हींतलं अंतर बघितलं की बऱ्याच जणांचा राग शांत होतो. सिंहस्थ जवळ आला म्हणून पाच लाख वाढवून बसलेल्यांनी तर हे जरूर करावं. आणि महिने मोजताना कॅलेंडरही बघा. पितृपक्षात आपल्याकडे टोकन द्यायला कोण तयार होतं? गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांच्या आसपास जी हालचाल असते ती भर पावसाळ्यात नसते.

आता दुसरी बाजू, कारण मी काही एजंटांचा वकील नाही. त्याचा हिशोब आणि तुमचा हिशोब एक नाही. समजा दलाली 1 टक्का ठरलीय. घर 40 ला गेलं तर त्याला 40 हजार, 38 ला गेलं तर 38 हजार. तुमचे दोन लाख गेले, त्याचे दोन हजार. मग तो तुमच्यासाठी महिनाभर जास्त का थांबेल? स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थतज्ज्ञांचा 2008 मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. त्यांनी अमेरिकेत शिकागो परिसरातल्या जवळपास 1 लाख घरांचे व्यवहार तपासले. एजंट जेव्हा स्वतःचं घर विकतो तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि सुमारे 3.7 टक्के जास्त मिळवतो, असं त्यात दिसलं. इथेही माणूस काही वेगळा नाही. "सोडून टाका, परत अशी ऑफर येणार नाही" हे वाक्य ऐकलं की एक दिवस थांबा आणि आपली वही उघडा.

पण थांबण्यालाही भाडं आहे. 40 लाख अडकून पडले, 7 टक्क्यांनी धरलं तरी महिन्याला 23 हजारांच्या वर जातात. सहा महिने हट्ट केला की जवळपास 1 लाख 40 हजार असेच गेले, वर सोसायटीचा मेंटेनन्स. गाळ्याचा इसार गेला तर तो वेगळा.

काही बाबतींत मात्र यादीबिदी मागत बसू नका, सरळ बदला. आलेली ऑफर तुमच्यापासून लपवली, तर बदला. दोन्हीकडून दलाली घेणार हे आधी सांगितलं नाही, तर बदला. आणि पहिल्याच भेटीत "एवढे रोख, एवढे कागदावर" सुरू झालं तर उठून या. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर बसू शकतो. घेणारे तुम्ही असता, एजंट नाही.

बदलायचं ठरलं की लोक दोन चुका करतात. पहिली, रागात एकदम पाच जणांना घर देतात. एकच फ्लॅट पोर्टलवर पाच वेळा, तीन वेगवेगळ्या किमतींना दिसायला लागला की गिऱ्हाईक समजतं, हा अडलेला आहे. आणि सौदा दुसऱ्यानं केला तर आपल्याला काहीच नाही, हे पाचही जणांना ठाऊक असतं, म्हणून मनापासून एकही पळत नाही. एकालाच द्या, पण लेखी आणि मुदतीचं, 60 ते 90 दिवस, दर आठवड्याला यादी मिळेल या अटीवर. दुसरी चूक म्हणजे "तो 38 म्हणतो, मी 42 आणून देतो" म्हणणाऱ्याला घर देणं. हा आकडा तुमचं घर हातात यावं म्हणून असतो. दोन महिन्यांनी तोच तुम्हाला 37 ला राजी करत असतो. नव्या माणसाला "किती आणशील?" हे विचारू नका. "याच भागात शेवटचे तीन सौदे कोणते केलेस?" हे विचारा. महारेराचा नोंदणी क्रमांकही मागा. कायदा मुख्यतः नोंदणीकृत प्रकल्पांसाठी आहे, जुन्या इमारतीच्या रीसेलला तो लागेलच असं नाही. पण 2023 मध्ये महारेरानं एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, तेव्हा क्रमांक असलेला माणूस निदान धंदा म्हणून याकडे बघतो.

जुन्याला सोडतानाही नीट सोडा. काही लिहून दिलं असेल तर मुदत वाचा. 1872 च्या करार कायद्यानुसार मुदत ठरलेली असताना सबळ कारणाशिवाय आधीच काढलं तर भरपाई मागता येते, आणि एरवीही वाजवी नोटीस द्यावी लागते. त्यानं दाखवलेल्या गिऱ्हाइकांची नावं व्हॉट्सअॅपवर मागवून घ्या. यांपैकी कोणी अमुक महिन्यांत घेतलं तर दलाली तुझी, हेही तिथेच लिहून टाका. माझ्यासारखं रजिस्ट्रार ऑफिसच्या दारात दोन एजंटांच्या मध्ये उभं राहायची वेळ येणार नाही.

ताईंनी त्याच संध्याकाळी यादी मागितली. त्यानं तासाभरात पाठवली, म्हणजे माणूस वही ठेवत होता, फक्त कोणी मागितली नव्हती. नऊ नावं, त्यातल्या पाचांपुढे एकच शब्द: पार्किंग. ताईंनी कपाटातून करारनामा काढला, त्यात पार्किंगचा उल्लेख नाही. आता त्या अपार्टमेंटच्या अध्यक्षांना भेटून लेखी काय मिळतं ते बघतायत. एजंटला त्यांनी दसऱ्यापर्यंत वेळ दिलाय आणि गाळामालकाकडूनही तेवढीच मुदत वाढवून घेतलीय, लेखी.