मोफत अभ्यासक्रम : दार उघडे, सोबतीची वानवा

अल रीम आयलंड, अबू धाबी : येथील उंच इमारतीत राहणारा मराठी अभियंता आणि परभणीच्या महाविद्यालयातील विद्यार्थी हे दोघेही आज एकाच नामवंत प्राध्यापकाचे व्याख्यान मोफत ऐकू शकतात. खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे हे आश्वासन खोटे नाही. प्रश्न एवढाच, की त्याचा लाभ अधिक कोणाच्या पदरी पडतो?

२०११ मध्ये सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्डमधील कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांना खुला केला. सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली. सुमारे २३,००० जणांनी तो पूर्ण केला. पाठोपाठ २०१२ मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स हे मंच उभे राहिले. पुढे मात्र उत्साह ओसरला. ‘सायन्स’ नियतकालिकातील २०१९ च्या लेखानुसार, एडएक्सवरील एमआयटी व हार्वर्डच्या अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली पूर्ततेचे प्रमाण अवघे ३.१३ टक्के होते. प्रमाणपत्रासाठी शुल्क भरणाऱ्यांत ते ४६ टक्के होते. सहभागातील वाढही मुख्यतः संपन्न देशांतच झाली.

हे आकडे सावधपणे वाचावे लागतात. अनेक जण हवे तेवढे दोन-चार पाठ ऐकून थांबतात. त्याला अपयश म्हणता येणार नाही. परंतु अशी निवड करण्यासाठीही पूर्वशिक्षण लागते. पदवी, इंग्रजी आणि नोकरी हाती असलेल्या आपल्यासारख्यांना ते सहज साधते. ज्याला पहिली पदवी मिळवायची आहे, त्याला अडल्या जागी विचारायला माणूस लागतो.

भारताने यातील एक दुवा सांधला आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांचा ‘एनपीटीईएल’ उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ मंचाचे उद्घाटन झाले. शिकणे मोफत, प्रमाणपत्राची परीक्षा मात्र शुल्क भरून केंद्रावर, अशी ही रचना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेण्याची मुभा दिली. त्यामुळे या प्रमाणपत्रांना पदवीत अधिक स्थान मिळाले. भाषेची अडचण मात्र कायम आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने सॉफ्टवेअरचे धडे मराठीत आणले, तरी उच्च शिक्षणातील बहुतांश अभ्यासक्रम इंग्रजीतच आहेत.

या बाबतीत महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव मोलाचा आहे. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ केवळ पुस्तके देऊन थांबले नाही; त्याने गावोगावी अभ्यासकेंद्रांचे जाळे विणले. दूरशिक्षणालाही जवळचा आधार लागतो, हे त्यामागील सूत्र होते. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या लाटेत नेमका त्याचाच विसर पडला.

परदेशस्थ मराठी व्यावसायिकांना येथे काही करता येईल. अमिराती आणि महाराष्ट्र यांच्या घड्याळांत अवघ्या दीड तासाचे अंतर आहे. एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातील दहा विद्यार्थी एकच अभ्यासक्रम घेत असतील, तर आठवड्यातून एक तास त्यांच्या शंका मराठीतून सोडवणे आपल्या आवाक्यातले आहे. व्याख्याने मुबलक आहेत. तुटवडा आहे तो असा तास देणाऱ्यांचा.