साधनें कीं वाङ्मय? एका चातुर्मासाचें वाचन

२०२४ सालच्या ऑक्टोबरच्या ३ तारखेस मध्यवर्ती सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्यानंतरचे कित्येक महिने आमच्यासारख्या मास्तर मंडळींस मोठ्या सुखाचे गेले. जिकडे तिकडे सभा, सत्कार आणि व्याख्यानें! आम्हीं जन्मभर इंग्रजी वाङ्मय शिकविलें. तरी मराठीविषयीं चार शब्द सांगावयास आम्हांसही बोलावणीं आलीं, आणि आम्हीही गाथासप्तशतीपासून आरंभ करून घड्याळाकडे न पाहतां बोललों. अशाच एका व्याख्यानानंतर यजमानांकडे चहा घेत असतां त्यांच्या मुलीनें (ती बी. ए. च्या शेवटच्या वर्गांत आहे) आम्हांस विचारलें, "सर, शंभर वर्षांपूर्वीचीं मराठी गद्य पुस्तकें तुम्हीं कोणकोणतीं पूर्ण वाचलीं आहेत?" प्रश्नांत खोंच नव्हती, तिला यादी हवी होती. आम्हीं हरिभाऊंचें नांव घेतलें, चिपळूणकरांचें घेतलें, आणि मग चहा फार गरम असल्याचें आमच्या लक्षांत आलें.

त्या संध्याकाळच्या लाजेपोटीं आम्हीं असा नेम धरला कीं, २०२५ सालच्या आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत मराठी गद्यावांचून दुसरें कांहीं वाचावयाचें नाहीं. आमच्या आजीच्या चातुर्मासांत कांदा-वांगें वर्ज्य असे. आमच्या चातुर्मासांत इंग्रजी पुस्तकें वर्ज्य झालीं. घरांतील मंडळींच्या मतें आजीचा नेम प्रकृतीस अधिक हितकर होता. असो. वाचलेल्या सर्वच पुस्तकांची जंत्री येथें द्यावयाची नाहीं. दुर्गाबाई भागवतांचें 'ऋतुचक्र' श्रावणांत वाचावें म्हणून वाचलें, आणि त्याविषयीं आमची कांहीं तक्रार नाहीं. एक गाजलेली नवी कादंबरी अर्ध्यावर खालीं ठेवली ती पुन्हां उचलली नाहीं. तिचें नांव घेण्याचेंही प्रयोजन दिसत नाहीं. लिहावयाचें आहे तें चारपांच पुस्तकांविषयीं, आणि आमच्या सुशिक्षित वर्गानें त्यांच्यावर केलेल्या अन्यायाविषयीं.

तो अन्याय एका शब्दानें झाला आहे, आणि तो शब्द 'साधन' हा होय. यांपैकीं कोणत्याही पुस्तकाचें नांव विद्वानांच्या बैठकींत काढा, तत्काळ उत्तर येतें, "वा! मोठा मोलाचा साधनग्रंथ आहे." गोडसे भटजी हे सत्तावन्नच्या इतिहासाचें साधन, ताराबाई शिंदे या स्त्रीप्रश्नाच्या अभ्यासाचें साधन, बेबीताई कांबळे या समाजशास्त्राचें साधन! म्हणजे या मंडळींनीं कच्चा माल पुरवावयाचा, आणि वाङ्मय म्हणून जें कांहीं असेल तें ज्यांस लेखनाचें शिक्षण मिळालें त्यांनीं निर्माण करावयाचें. आमचें म्हणणें नेमकें याच्या उलट आहे. मराठींतील पुष्कळसें उत्तम गद्य, ज्यांस आमच्या पद्धतीनें लिहावयास कोणीं शिकविलें नाहीं, अशांच्या हातून उतरलेलें आहे. आणि आमच्या वर्गानें तें एक तर सुधारलें, नाहीं तर पुरलें.

विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसई गांवचे भिक्षुक. घरचें कर्ज डोक्यावर. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, ही वार्ता कानीं आली, तेव्हां १८५७ सालीं ते चुलत्यांसह उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. झांशीस इंग्रजी फौजेचा वेढा पडला त्या वेळीं ते शहरांत होते. मिळविलेली दक्षिणा लुटींत गेली, आणि अखेरीस ते घरीं परतले ते मातापित्यांच्या स्नानासाठीं गंगेची कावड घेऊन. ही सारी हकीकत त्यांनीं पुढें सुमारें पाव शतकानें कागदावर उतरविली. तिचें नांव 'माझा प्रवास'.

या पुस्तकांत भटजींस शूर दिसावयाचें नाहीं. जेथें भय वाटलें तेथें तें वाटलें म्हणून सांगतात. दक्षिणा काय मिळाली, पंगतीस काय होतें, हें युद्धाच्या वार्तेइतक्याच काळजीनें सांगतात. झांशीच्या राजवाड्यांतील ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली तिचें दुःख, पोथीवर ज्याचें पोट आहे अशा माणसास व्हावें तसें त्यांस झालेलें दिसतें. आणि काल्पीच्या वाटेवरचा तो प्रसंग! पराभूत झालेली, तहानेनें व्याकुळ झालेली राणी त्यांस विहिरीपाशीं भेटते. भटजी पाणी काढावयास पुढें होतात. आणि ती विद्वान ब्राह्मणास कष्ट नकोत म्हणून त्यांस थांबवून स्वतःच पाणी काढते. आमच्यापैकीं एखाद्या पदवीधर कादंबरीकाराच्या हातीं हा प्रसंग लागता, तर त्यानें राणीच्या तोंडीं दोन पानांचें स्वगत घातलें असतें. भटजी थोडक्या ओळींत सांगून मोकळे होतात आणि पुढची वाट धरतात. हें जर साधन, तर वाङ्मय म्हणावें तरी कशास?

परंतु हें पुस्तक १९०७ सालीं निघालें तें चिंतामणराव वैद्यांनीं फेरफार करून, भाषा नीटनेटकी करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ति दत्तो वामन पोतदारांनीं काढण्यास १९६६ साल उजाडावें लागलें. वैद्यांवर आम्हांस शस्त्र उपसावयाचें नाहीं. भटजींस लिहावयास प्रवृत्त करणारे तेच. ते नसते तर ही हकीकत वरसईच्या माजघरांतच विरून गेली असती. इंग्रजी अमलांत सत्तावन्नची हकीकत छापणें हा पोरखेळही नव्हता. तेव्हां भयास्तव कांहीं गाळावें लागलें असेल तर तें समजूं शकतें. समजत नाहीं तें भाषेची परीटघडी करणें. त्याला सरकारचें भय कारण नव्हे. ज्यानें पाहिलें त्याची हकीकत मोलाची, परंतु त्याचें वाक्य मात्र बिनमोलाचें, ही विद्वानांची जुनी समजूत त्याला कारण आहे.

ही समजूत आमच्याही अंगीं मुरलेली आहे, हें कबूल केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ति निघावयाची होती. आमच्या थोरल्या आत्यानें १९६१ सालच्या जुलैच्या १२ तारखेस, पानशेतचें धरण फुटलें त्या दिवशीं, पुण्यास काय काय झालें तें मुलाच्या शाळेच्या जुन्या वहींत लिहून ठेविलें होतें. ती वही संपादनासाठीं आमच्याकडे आली. त्या वहींत आरंभींच आत्यानें सकाळीं दळावयास टाकलेल्या गव्हांची काळजी केली होती. पाणी चढत आहे, लोक धांवत आहेत, आणि ही बाई मनाशीं म्हणते आहे कीं डबा गिरणींतच राहिला. पुढेंही दर दोन पानांनीं तो डबा येई. आम्हीं तो सर्वत्र गाळला. त्याच्या जागीं 'निसर्गाचें रौद्र रूप' आलें, 'अश्रूंचा महापूर' आला. छापील प्रत हातीं आल्यावर आत्यानें चष्मा लावून तीं चार पानें वाचलीं आणि म्हणाली, "छान झालंय रे. कुणी लिहिलंय?" त्या वेळीं आम्हांस ती स्तुति वाटली.

सुधारण्याची ही कथा. पुरण्याची याहून वाईट आहे. ताराबाई शिंदे यांचें 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ सालीं पुण्यास छापलें गेलें. सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत समस्त स्त्रीजातीवर जी आग पाखडली गेली तिला बुलढाण्याच्या या बाईनें दिलेलें तें उत्तर होय. जोतीराव फुल्यांनीं 'सत्सार'मध्यें त्यांची बाजू घेतली. पुढें स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुन्हां छापीपर्यंत ९३ वर्षें गेलीं, आणि तेवढ्या अवधींत बाईंचें दुसरें पुस्तक तर झालें नाहींच, हें पहिलेंही वाचकांच्या दृष्टीआड राहिलें. आम्ही वर्गांत स्त्रियांच्या दास्यावरील मिल्लचा १८६९ सालचा निबंध वर्षानुवर्षें शिकवीत आलों, आणि त्याच्यानंतर अवघ्या १३ वर्षांनीं आपल्या भाषेंत झालेल्या या पुस्तकाचें नांव एकदांही आमच्या तोंडून निघालें नाहीं! मिल्ल न्यायाधीशासारखा दोन्ही बाजू तोलून बोलतो. ताराबाई समोर उभ्या राहून पुरुषांस प्रश्न विचारतात. एकाचें उत्तर सुचावयाच्या आंत दुसरा येतो, आणि मध्येंच त्या अशा कांहीं थट्टेवर येतात कीं रागावलेल्या वाचकासही हंसूं आवरत नाहीं. वाक्यें लांब, घाईचीं, घरांतल्या भांडणाचीं. तीं 'शुद्ध' केलीं तर त्यांतील धग तत्काळ निवेल.

आमचें हें म्हणणें ऐकून एका विद्वान मित्रांनीं विचारलें, "म्हणजे उद्यां निरक्षरानें सांगितलेलें सर्व श्रेष्ठ आणि शिकलेल्यांचें सर्व टाकाऊ, असेंच ना?" तसें नाहीं. गोडसे भटजी वेदविद्या शिकलेले होते, ताराबाईंचें वाचन दांडगें दिसतें. आणि न शिकतां लिहिलेलें बहुतेक लेखन शिकून लिहिलेल्या बहुतेक लेखनाइतकेंच टाकाऊ असतें. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालचें, म्हणजे भटजी ज्या सालीं घराबाहेर पडले त्याच सालचें. विधवांच्या दुःखाविषयीं पदमनजींचा कळवळा खरा आहे. पण त्यांची यमुना ज्या ज्या घरीं जाते तेथील बाई आपलें दुःख व्याख्यान दिल्यासारखें सांगते. उलट हरिभाऊ आपटे पुण्यांत इंग्रजी शाळेंत शिकलेले, इंग्रजी कादंबऱ्यांवर वाढलेले. परंतु १८९० सालापासून 'करमणूक' पत्रांत 'पण लक्षांत कोण घेतो' लिहितांना त्यांनीं आपली विद्वत्ता बाजूस ठेविली आणि यमूस तिच्या माजघरांतल्या भाषेंत बोलूं दिलें. शिक्षणाशीं आमचें भांडण नाहीं. दुसऱ्याचें बोलणें ऐकूं न येण्याइतकें जें कानांत भरून राहतें, त्या शिक्षणाशीं आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें'चा गौरव झाला नाहीं असें मात्र कोणासही म्हणतां येणार नाहीं. १९३४ सालीं पहिला भाग निघाला तेव्हांपासून तें पुस्तक घरोघर आहे. पण तो गौरव कसला, हें पाहावें. 'सहज', 'भोळीं', 'निर्व्याज'! लहान मुलाच्या बोलण्याचें कौतुक करावें तसें हें कौतुक आहे. आम्हीं या खेपेस पेन्सिल हातीं घेऊन वाचलें. वडिलांच्या विलक्षण सोवळ्याचें वर्णन घ्या, किंवा टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाल्यानंतरचीं ताटातुटीचीं वर्षें घ्या: विनोद कोठें थांबवावा आणि दुःखाचें वाक्य किती आंखूड ठेवावें, हें ठरविणारा हात सहज चालणाऱ्याचा नव्हे. घरच्या घरीं अक्षरें गिरविलेल्या बाईस ही जाण असूं शकते असें मानणें आमच्या वर्गास जड जातें. म्हणून 'सहज' हा शब्द सोयीचा पडतो.

बेबीताई कांबळे यांच्या वांट्यास तेवढाही शब्द आला नाहीं. फलटणास दुकान संभाळतां संभाळतां त्यांनीं लिहिलें, आणि घरच्यांच्या नकळत कित्येक वर्षें वह्या लपवून ठेवल्या. 'जिणं आमुचं' हें पुस्तक होऊन निघालें तें १९८६ सालीं. महारवाड्यांतील उपासमार, देव अंगांत येणें, कोवळ्या सुनांचे हाल आणि बाबासाहेबांच्या वाणीनें झालेली जागृति, हें सर्व त्यांत आहे. म्हणून समाजशास्त्राच्या वर्गांत तें वाचलें जातें हें ठीकच. पण 'मी' म्हणून आरंभ झालेली कथा पाहतां पाहतां 'आम्ही' होते, एका बाईचा आवाज वस्तीचा आवाज होतो, ही किमया मराठी गद्याच्या वर्गांत कोणीं समजावून सांगितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आम्हीं तरी सांगितलेली नाहीं.

आश्विनांत 'लीळाचरित्र' हातीं घेतलें, कोलते यांच्या आवृत्तीवरून. भाषा तेराव्या शतकाची. पहिले आठ दिवस शब्दकोशाशीं झुंजण्यांत गेले. म्हाइंभट हे मोठे पंडित, चक्रधरांस वादांत जिंकावयास म्हणून आले आणि शिष्य झाले. चक्रधरांच्या पश्चात् त्यांच्या आठवणी जमवावयाचें काम या पंडितानें अंगावर घेतलें, आणि केलें काय? ज्यानें ज्यानें पाहिलें-ऐकिलें त्याला गांठून विचारलें, आणि तें संस्कृतांत न नेतां साध्या मराठींत आंखूड आंखूड वाक्यांनीं लिहून काढलें. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहींत तेथें दोन्ही ठेवल्या. मराठीच्या अभिजातपणाचे पुरावे म्हणून ज्या जुन्या ग्रंथांचीं नांवें आम्हीं व्यासपीठांवरून घेतलीं त्यांत हाही होता. त्याच्या कर्त्यानें केलें तें आम्हीं आत्याच्या चार पानांपुरतेंही केलें नाहीं.

नेम कार्तिकी एकादशीस सुटला. यजमानांच्या मुलीस यादी पाठविली. तिचें उत्तर आलें कीं ताराबाई वाचून झाल्या आणि पुस्तक आतां वसतिगृहांत फिरतें आहे. आमच्या अभ्यासमंडळांतील स्नेह्यांस आम्हीं 'माझा प्रवास'चें मूळ पोथीवरचें रूप गद्याच्या अभ्यासक्रमास लावण्याविषयीं लिहिलें. "इतिहासवाल्यांस विचारा," असें त्यांनीं कळविलें. आम्हीं पुन्हां लिहिलें आहे. आत्या आतां नाहीं. वहीसाठीं चुलतभावाच्या मागें लागलों आहों. माळा पाहून झाला, एक ट्रंक उघडावयाची राहिली आहे, असें तो म्हणतो.