आयटीची पात्रता : लिहिलेली आणि न लिहिलेली

पदवीचा निकाल लागला की आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता आयटीत जायचं." आई-वडिलांनी ऊसतोड, बांधकाम, सफाईकाम करून शिकवलेले असते. मग पुण्याला किंवा हैदराबादला खोली घ्यायची, क्लासची फी भरायची, त्यासाठी बचत गटातून कर्ज काढायचे, हे सगळे ठरते. आयटीत नेमके कोणते काम करायचे आणि त्या कामाला काय लागते, हे मात्र ठरत नाही. कारण ते सांगणारे घरात कोणी नसते. ज्यांचे काका-मामा आधीच कंपनीत आहेत त्यांच्या मुलांना ही माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. आपल्या मुलांना ती विकत घ्यावी लागते, आणि विकणारा बहुतेक वेळा क्लासवाला असतो.

म्हणून आधी साधी गोष्ट. आयटी हे एका नोकरीचे नाव नाही. त्यात निरनिराळी कामे आहेत आणि प्रत्येक कामाचा दरवाजा वेगळा आहे.

सॉफ्टवेअर डेव्हलपरसाठी मोठ्या कंपन्या प्रामुख्याने बी.ई., बी.टेक. आणि एम.सी.ए. मागतात. मुलाखतीत एक प्रोग्रामिंग भाषा पक्की आहे का, डेटा स्ट्रक्चर आणि एसक्यूएल समजते का, हे पाहतात. पाच भाषांची नावे बायोडेटात लिहून उपयोग होत नाही. बी.सी.ए. आणि बी.एस्सी. झालेल्यांसाठी विप्रोची नोकरी करत एम.टेक. करण्याची योजना आहे. एचसीएलची टेकबी योजना बारावीनंतरच मुले घेते. अशा कोणत्याही योजनेत शिरताना करार वाचा. किती वर्षे बांधून घेतात आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम मागतात, हे सहीच्या आधी समजले पाहिजे.

टेस्टिंगमध्ये चूक शोधण्याची आणि ती नेमक्या शब्दांत लिहिण्याची सवय लागते. आता ऑटोमेशनमुळे थोडा कोडही लिहिता यावा लागतो. सपोर्टच्या कामाला लिनक्स आणि नेटवर्किंगचा पाया हवा, आणि रात्रपाळीची तयारी. डेटा अ‍ॅनालिस्टला एक्सेल, एसक्यूएल आणि संख्याशास्त्र लागते. वाणिज्य शाखेचा पदवीधरही तिथे पोहोचू शकतो, कारण आकड्यांमागचा व्यवहार त्याला कळतो. टेक्निकल रायटर होण्यासाठी चांगली इंग्रजी आणि समजावून सांगण्याची हातोटी लागते. कला शाखेच्या पदवीधरांनी हे काम मनातून काढून टाकू नये.

याउलट डेटा सायंटिस्ट आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या जाहिराती क्लासच्या भिंतींवर सर्वात मोठ्या अक्षरांत असतात. ही कामे गणित आणि संख्याशास्त्रावर उभी आहेत आणि अनेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी मागितली जाते. तीन महिन्यांत ते होत नाही.

प्रमाणपत्रांचेही तेच. सायबर सुरक्षेतील सीआयएसएसपी या प्रमाणपत्रासाठी साधारण ५ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. परीक्षा पास झालात तरी अनुभव पूर्ण होईपर्यंत ते हातात पडत नाही. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमपीसाठी पदवीधराला प्रकल्प सांभाळल्याचा ३ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाला जो अशी प्रमाणपत्रे नोकरीची हमी म्हणून विकतो, तो त्याला शिकवत नाही, लुटतो. ज्यांना पायाच घालायचा आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मोफत आहे आणि त्यातील बरेच धडे मराठीतही आहेत. एनपीटीईएलचे अभ्यासक्रमही मोफत ऐकता येतात. पैसे लागतात ते परीक्षेला.

सरकारी दरवाजा आपण फार कमी वेळा ठोठावतो. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी घराघरांत पोहोचले. अनेक पालकांना वाटते की तेच आयटीचे शिक्षण. कारकुनी पदांसाठी ते उपयोगी आहे, पण त्यावर आयटीतील पद मिळत नाही. बँकांच्या आयटी अधिकारी पदासाठी आयबीपीएसची परीक्षा असते. तिथे संगणक किंवा संबंधित शाखेतील अभियांत्रिकी पदवी किंवा पदव्युत्तर पदवी चालते. शिवाय कोणत्याही शाखेच्या पदवीसोबत नाइलिटची 'बी' लेव्हल पास असलेलाही आजवरच्या जाहिरातींत पात्र धरला गेला आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रातही सायंटिस्ट-बी ही पदे निघतात. या सगळ्या जागांवर संवैधानिक आरक्षण लागू आहे. ते वापरणे हा हक्क आहे, त्यात कमीपणा नाही.

इथवर झाली लिहिलेली पात्रता. ती मिळवता येते. अडचण आहे ती दुसऱ्या पात्रतेची.

कॅम्पस भरतीत अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्के मागतात. शिक्षणात खंड चालत नाही, किंवा एखाद-दोन वर्षांपुरताच चालतो. दिसायला हा नियम सगळ्यांना सारखा आहे. पण दहावीचे गुण म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाकडे शिकवणी होती का, अभ्यासाला जागा होती का, आणि हंगामात आई-वडिलांबरोबर फडावर जावे लागले का, याचा हिशेब. वडील आजारी पडले म्हणून एक वर्ष कामाला गेलेल्या मुलीचा 'गॅप' म्हणजे तिची जबाबदारी. यातले काहीही ती आज कोड कसा लिहिते हे सांगत नाही. तरीही तिचा अर्ज माणसाने वाचण्याआधीच संगणक बाजूला टाकतो.

त्यापुढे मुलाखत. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी २००७ मध्ये भरती करणाऱ्या व्यवस्थापकांशी बोलून दाखवून दिले की उमेदवाराला घरची पार्श्वभूमी सर्रास विचारली जाते आणि तिचा निर्णयावर परिणाम होतो. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले, तर दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणे कमी आले. 'आमच्याकडे फक्त मेरिट' म्हणणाऱ्यांनी आडनावाचे गुण कोण देते तेही सांगावे.

आणि तिसरी गोष्ट रेफरलची. आतला माणूस ज्याचे नाव पुढे करतो त्याचा बायोडेटा आधी उघडला जातो. आत कोण जास्त आहेत हे आपल्याला माहीत आहे, म्हणजे नावे कोणाची जातात हेही उघड आहे.

ही न लिहिलेली पात्रता पूर्ण होत नाही म्हणून काही मुले अनुभवाचे खोटे पत्र विकत घेतात. हैदराबादच्या अमीरपेठेपासून पुण्यापर्यंत असे देणारे भेटतात. आम्ही स्पष्ट सांगतो : घेऊ नका. कंपन्या मागची नोकरी तपासतात आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतून खोटेपणा उघडा पडतो. नोकरी जाते, आणि जाते ती कर्ज डोक्यावर असताना. ज्याच्या घरी मागे आधार आहे तो यातून सावरतो. आपल्याकडे तो आधार नसतो.

खाजगी नोकऱ्यांत आरक्षण नाही. २००६ मध्ये हा प्रश्न पुढे आला, तेव्हा जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखालील उद्योग संघटनांच्या कृतिगटाने कायद्याऐवजी स्वेच्छेने पावले उचलण्याची भाषा केली. एवढ्या वर्षांनी आमची मागणी साधी आहे. त्या स्वेच्छेची सुरुवात पंधराव्या वर्षीच्या गुणांची अट काढण्यापासून करा. कामासाठी लागणारी परीक्षा घ्या आणि तीच निर्णायक ठेवा. मुलाखतीत वडील काय करतात हे विचारणे बंद करा. आणि आपल्या कंपनीत कोणत्या समाजाचे किती लोक कोणत्या पदावर आहेत, ते जाहीर करा.

कंपन्या ऐकतील तेव्हा ऐकतील. आपल्या हातातले काम आजच करता येते. पदवीधर मित्र-मैत्रिणींनो, फीचा पहिला हप्ता भरण्याआधी तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या दहा जाहिराती शोधा. त्यांतील अटी वहीत लिहा. जी अट दहापैकी सात-आठ ठिकाणी दिसते ती शिका. जी फक्त क्लासच्या पत्रकात दिसते ती सोडून द्या. क्लास नोकरीची 'हमी' देत असेल तर ती लेखी मागा. आणि फीचे कर्ज कोणाच्या नावावर निघते आहे, क्लास बंद पडला तर हप्ते कोण भरणार, हे विचारा.

आणि हिंजवडी, हायटेक सिटी, व्हाइटफिल्डमध्ये आज कामाला असलेल्या आपल्या दादा-ताईंनो, तुमच्याशीही बोलायचे आहे. तुमच्यातील अनेकांनी ऑफिसात जात लपवून दिवस काढले आहेत. ते का, हे आम्हाला समजते. कोणालाही काही जाहीर करायला आम्ही सांगत नाही. पण वर्षाला दोन मुलांचे बायोडेटे तपासा, एका मुलीची सराव मुलाखत घ्या आणि कंपनीत जागा निघाली की आपल्याही मुलांची नावे पुढे करा. त्यांच्या घरात काका-मामा कंपनीत नाहीत. ती जागा तुम्ही भरू शकता.