जुना फोन घेताय? विकताय? आधी कागद करा!

मोबाइल-लॅपटॉपची ऑनलाइन खरेदी-विक्री करणाऱ्या सर्व बंधू-भगिनींना जाहीर आवाहन

जुन्या मोबाइलचा सौदा फिसकटला की भांडण बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन अडतं: हा बिघाड देताना होता, की नेल्यावर झाला? विकणारा म्हणतो, "माझ्याकडे मक्खन चालत होता." घेणारा म्हणतो, "माहीत असून गळ्यात मारलात." दोघंही आईची शपथ घेतात. पुष्कळदा दोघंही खरं बोलत असतात. पण उत्तर देऊ शकेल असा कागद दोघांपैकी एकाकडेही नसतो. तो कागद करायची सवय आपण सगळ्यांनी लावून घ्यावी, यासाठी हे पत्रक काढलं आहे.

हे लिहिणारा पुण्यात मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर बसतो. अशी भांडणं आमच्यासमोर निवाड्याला येतात. मध्यंतरी एक विद्यार्थी आणि त्याला फोन विकणारे गृहस्थ असे दोघं सोबतच आले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा, घरून आलेल्या पैशांतून जाहिरात पाहून फोन घेतलेला. तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर हिरवी रेघ उमटली आणि चार्जिंग बंद पडलं. मी त्यांच्यासमोर फोन उघडला. आत पाण्याची खूण देणारा छोटा स्टिकर असतो; कोरडा असेपर्यंत पांढरा, ओल लागली की लाल. तो लाल झालेला होता. चार्जिंग पोर्टजवळ हिरवट गंज धरलेला. फोनमध्ये पाणी गेलं होतं यात शंका नव्हती. दोघांनी एकदमच विचारलं, "कधी?" गंज पाहून अंदाज बांधता येतो, पण तारीख छातीठोकपणे सांगता येत नाही. काय झालं ते बोर्ड सांगतो, कुणाच्या हातात असताना झालं ते सांगत नाही. फोन देता-घेताना दोन ओळी लिहिल्या असत्या, तर त्या मुलाला काही महिन्यांच्या मेसच्या पैशांवर पाणी सोडावं लागलं नसतं. आणि त्या गृहस्थांची चूक नसेल, तर त्यांनाही चारचौघांत चोरासारखं उभं राहावं लागलं नसतं.

"कायदा काय करतो?" असं लोक चिडून विचारतात. कायदा आहे, पण तो कुणाच्या बाजूने उभा राहील हे तुम्ही काय बोललात आणि काय लिहून ठेवलंत यावर ठरतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ नुसार खोटं सांगणं आणि माहीत असलेली गोष्ट दडवण्यासाठी काही करणं ही फसवणूक आहे. नुसतं गप्प बसणं मात्र सहसा फसवणूक ठरत नाही. हा फरक नीट समजून घ्या. फोन पाण्यात पडला होता हे विकणाऱ्याने आपण होऊन सांगितलं नाही, तर तो बहुधा सुटतो. पण तुम्ही लेखी विचारलंत, "पाण्यात पडला होता का?" आणि त्याने "नाही" असं लिहिलं, तर तेच त्याच्या अंगाशी येतं. कलम १९ त्यापुढे जाऊन सांगतं, की साधी काळजी घेऊन जे कळू शकलं असतं ते न तपासता व्यवहार केला, तर समोरच्याच्या चुकीच्या माहितीचं किंवा लबाडीच्या मौनाचं कारण देऊन करार रद्द करता येत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचंही तेच: मालाचा दर्जा पाहून घेण्याची जबाबदारी मुळात घेणाऱ्यावर, मात्र वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधी काढा. सौदा झाला की जाहिरात काढून टाकली जाते, आणि वर्णन तिच्यासोबत जातं.

आता राग येण्यासारखी गोष्ट. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० साली आले. स्वतःचा जुना फोन एखाद्या वेळी विकणाऱ्या घरगुती माणसाला ते लागू नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण या सवलतीच्या आड कोण लपतं ते पाहा. आठवड्याला डझनभर फोन विकणारा पक्का धंदेवाला जाहिरातीत "पर्सनल यूज", "गिफ्ट मिळालेला", "अर्जंट पैशांची गरज" असं लिहितो. दुकानाची पाटी दिसू नये म्हणून फोटो घरच्या चादरीवर ठेवून काढतो. भेटायला हॉटेलच्या दारात किंवा सिग्नलला बोलावतो. हा घरगुती विक्रेता नव्हे. नियमितपणे व्यापार करणाऱ्याला ती सवलत नाही. घरच्या वापरासाठी त्याच्याकडून घेतलेल्या फोनची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात करता येते; ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील हवाच असं नाही. पण हा व्यापारीच आहे हे दाखवायला तुमच्या हातात काहीतरी पाहिजे. त्याच्या बाकीच्या जाहिरातींचेही फोटो काढून ठेवा.

आणि जाहिराती छापणारी ॲप? जाहिरात वर दाखवायचे पैसे ती घेतात. भांडण झालं की "आम्ही फक्त माध्यम" म्हणून हात वर करतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने माध्यमांना अटींवर संरक्षण दिलं आहे, ते जबाबदारी झटकण्यासाठी नाही. आमची मागणी साधी आहे. फोनचा ओळख क्रमांक म्हणजे आयएमईआय नंबर तपासल्याशिवाय मोबाइलची एकही जाहिरात लावू नये. काढलेल्या जाहिरातीची प्रत आणि दोघांमधला संवाद किमान सहा महिने जपून, मागेल त्या पक्षाला द्यावा. एकाच खात्यावरून महिनोन्महिने फोन विकले जात असतील, तर तिथे "व्यापारी" असं ठळक लिहावं. हे करायला नवं तंत्रज्ञान शोधावं लागत नाही. हा नंबर तपासून देणारं संचार साथी पोर्टल सरकारने मे २०२३ मध्येच सुरू केलं. फोनवर *#०६# दाबून आयएमईआय काढा, इंग्रजीत के-वाय-एम लिहून जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर टाका आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा. "ब्लॅकलिस्टेड", "डुप्लिकेट" किंवा "ऑलरेडी इन यूज" असं आलं, तर फोन कितीही स्वस्त असो, तिथेच परत द्या. चोराकडून घेतलेल्या वस्तूची मालकी तुमच्याकडे येत नाही. फोन मूळ मालकाकडे जातो, पैसे विकणाऱ्याकडे राहतात आणि पोलीस चौकीच्या पायऱ्या तुम्ही झिजवता. सामान्य माणूस एका एसएमएसमध्ये जे करू शकतो, ते एवढ्या मोठ्या कंपन्यांना जमत नाही हे आम्ही मान्य करणार नाही.

हप्त्यावरच्या फोनचं तर वेगळंच दुखणं. कर्ज देणाऱ्याने फोनमध्ये लॉक टाकलेलं असू शकतं. पहिला मालक फोन विकून मोकळा होतो, हप्ते थांबवतो, आणि काही आठवड्यांनी तुमच्या हातातला फोन बंद पडतो. मूळ बिल आणि कर्ज फिटल्याचा दाखला पाहिल्याशिवाय असा फोन घेऊ नका. मागच्या मालकाचं गूगल किंवा ॲपल खातं तुमच्यासमोर निघालं पाहिजे. "घरी जाऊन काढतो" असं म्हटलं, तर पैसेही घरी गेल्यावरच द्या.

विकणाऱ्यांचीही बाजू मांडायलाच हवी, कारण फसवणारा नेहमी विकणाराच असतो असं नाही. एका शिक्षिकेने लॅपटॉप विकला. आठवड्याने घेणारा आला, "स्लो चालतो, पैसे परत द्या." बाईंनी सरळपणे परत केले. नंतर उघडून पाहिलं तर रॅम निम्मी, आणि एसएसडी भलत्याच कंपनीची. देताना आत काय होतं याची नोंद नव्हती, त्यामुळे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. विकणाऱ्यांनो, पार्टचे सिरीयल नंबर लिहून ठेवा, चालू फोनचा व्हिडिओ घेणाऱ्यासमोर काढा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नका; स्वतःच्या बँकेच्या खात्यात रक्कम दिसली की मगच वस्तू हातात द्या. "मी जवान आहे, बदली झाली आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील," असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच, तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

पाच-सात हजारांच्या फोनला कसली कागदपत्रं, असं म्हणणारे भेटतील. स्टॅम्प पेपर लागत नाही. वहीचं पान चालतं, व्हॉट्सॲपवरचा मेसेज आणि त्यावर समोरच्याचं "मान्य" हेही चालतं. भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल नोंद प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून देता येते. मजकूर असा ठेवा:

"मी, … , माझा … कंपनीचा … मॉडेलचा मोबाइल, आयएमईआय … , आज दि. … रोजी रु. … ला श्री./श्रीमती … यांना विकला. मूळ बिल दिले आहे / नाही. डिस्प्ले, बॅटरी, कॅमेरा बदललेला नाही / बदलला आहे (काय ते लिहा). फोन पाण्यात पडला नव्हता / पडला होता. दुकानात उघडलेला नाही / उघडलेला आहे. कर्जाचा हप्ता बाकी नाही. गूगल/ॲपल खाते घेणाऱ्यासमोर काढले. घेणाऱ्याने सिम टाकून कॉल, स्पीकर, कॅमेरा, चार्जिंग व वायफाय तपासले. … दिवसांत न सांगितलेला दोष निघाल्यास पैसे परत देऊ. फुटणे व भिजणे याला अपवाद."

खाली दोघांच्या सह्या, फोन नंबर आणि ओळखपत्रावरचं नाव. जो या कागदावर सही करायला कां-कूं करतो, त्याच्याशी व्यवहार करू नका, मग तो घेणारा असो की विकणारा.

शेवटी माझ्याच धंद्यातल्या भावांना. पाण्याचे कोरे पांढरे स्टिकर बाजारात मिळतात, आणि ते कशासाठी घेतले जातात हे आपल्याला ठाऊक आहे. घसरलेली बॅटरी हेल्थ शंभर दाखवणारी यंत्रंही आपल्यातल्या काहींच्या टेबलावर आहेत. कॉपी डिस्प्ले लावून "ओरिजिनल" असं बिल फाडणारेही आपल्यातच आहेत. हे थांबवा. तुम्ही लावलेला एक खोटा स्टिकर पुढे दोन घरांत भांडण लावतो, आणि त्यातलं एक घर बहुधा पोटाला चिमटा काढून फोन घेणाऱ्याचं असतं. काम केलंत ते बिलावर खरं लिहा. वरचा नमुना झेरॉक्स करून काउंटरवर ठेवा, दोन्ही पक्षांसमोर फोन पाहून द्या, आणि त्या कागदाचे पैसे घेऊ नका.