पंखा तीस वॅटचा, लाईन गिझरची

जुलैचा पाऊस एकदा लागला की कोल्हापुरात बाथरूमची भिंत महिना महिना वाळत नाही. राजारामपुरीत जुने बंगले पाडून अपार्टमेंट उभी राहिली, तशा बाथरूमही आत ढकलल्या गेल्या. खिडकी एवढीशी आणि तीही डक्टकडे उघडणारी. छताला काळी बुरशी धरते, टॉवेलला कुबट वास येतो आणि मग घरात ठरतं, यंदा एक्झॉस्ट बसवून टाकू. सहा इंची पंखा दुकानात मिळतो, बसवणारा माणूसही तिथूनच मिळतो. तो लूव्हर्सच्या दोन काचा काढतो, पंखा टेकवतो आणि विचारतो, "काका, लाईन कुठनं घेऊ?"

"घ्या की गिझरमधनं. काय होतंय?"

अर्ध्या तासात पंखा फिरायला लागतो, वाफ बाहेर जाते, चहा होतो. काम झालं, असं सगळ्यांनाच वाटतं.

आता त्या बोर्डात काय झालं ते पाहू. तीन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर ओढतो. म्हणून त्याला जाड वायर असते आणि वर १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी. पंखा तीस-चाळीस वॅटचा. त्याला पाव अँपिअरही पुरून उरतो, त्यामुळे त्याची वायर सुतासारखी बारीक. ही बारीक वायर तापून तिचं प्लास्टिक वितळू लागेल इतका प्रवाह वाहिला, तरी मोठ्या एमसीबीच्या हिशेबात सगळं आलबेलच असतं. तो नेमला आहे गिझरच्या वायरची राखण करायला. पंख्याच्या वायरीशी त्याचं काही देणंघेणं नाही.

माणसाशी तर नाहीच नाही. ओल्या अंगाचा विद्युतरोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून साधारण २३० मिलिअँपिअर वाहतील. सोळा अँपिअर म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. एवढ्या किरकोळ गळतीची एमसीबी दखलही घेत नाही. अमेरिकेत बर्कली विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी यावर प्रयोग केले होते. पकडलेली तार स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअर निघाली. त्यापुढे मूठ उघडतच नाही. आणखी थोडा वाढलेला प्रवाह काही क्षण टिकला की हृदयाची लय बिघडते. याच डालझील यांनी १९६१ मध्ये गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण पुढे आणलं आणि १९७५ पासून अमेरिकेच्या वायरिंग नियमावलीत बाथरूमच्या सॉकेटसाठी ते सक्तीचं झालं. आपल्याकडे त्याच जातीचं उपकरण आरसीसीबी म्हणून मिळतं. जुने वायरमन अजूनही त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ते सतत ताडून पाहतं. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तुटते.

'बाथरूममध्ये शॉक' म्हटलं की आपल्याला पाण्यात टाकलेली हीटिंग रॉड आठवते. पण फ्रान्सचा लोकप्रिय गायक क्लोद फ्रान्स्वा ११ मार्च १९७८ रोजी पॅरिसमधल्या आपल्या घरी आंघोळ करता करता गेला, तो भिंतीवरचा तिरका झालेला दिवा सरळ करायला ओला हात लावल्यामुळे. पैसा, प्रसिद्धी, उत्तम घर, सगळं होतं. भारतात वीज लागून मरणाऱ्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ठेवतो. २०२१ च्या अहवालात हा आकडा साडेबारा हजारांच्या घरात आहे. त्यात शेतातले, खांबावरचे, घरातले सगळे आले.

आंतरराष्ट्रीय मानकांत बाथरूमचे टापू पाडलेले असतात. शॉवरचं तोंड जिथं पक्कं बसवलंय तिथून १.२ मीटरच्या आत, जमिनीपासून सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा भाग जोखमीचा. टब आणि ऐसपैस खोली असलेल्या देशांत हा हिशेब ठीक आहे. आपली बाथरूम चार बाय सहा फुटांची. १.२ मीटर म्हणजे जवळजवळ चार फूट, तेव्हा बहुतेक अख्खी खोलीच त्या टापूत बसते. म्हणून पंखा जमेल तेवढा वर घ्यावा आणि खोक्यावर 'आयपीएक्स४' किंवा त्याहून वरचा दर्जा छापलाय का ते पाहावं. यातला चार म्हणजे कुठल्याही बाजूने शिंतोडे उडाले तरी आत पाणी जाणार नाही, याची हमी. दुकानात रंग विचारला जातो, पाती किती ते विचारलं जातं. हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. बटण बाथरूमच्या दाराबाहेर ठेवायची आपली पद्धत चांगली आहे, ती मोडू नये.

पण बटण बाहेर असून भागत नाही, ते फेजवर हवं. घाईत किंवा जुन्या वायरिंगचे रंग नीट न कळल्यामुळे कित्येकदा बटण न्यूट्रलवर बसतं. पंखा तेव्हाही बटणाने चालू-बंद होतो, त्यामुळे शंका यायचं कारणच नसतं. दिवाळीच्या सफाईत मात्र बटण बंद करून कुणी स्टुलावर चढतं, ओल्या फडक्याने पाती पुसायला लागतं, आणि फेज मोटरपर्यंत तसाच उभा असतो. पंखा बसवून झाला की बटण बंद ठेवून वायरमनला पंख्याच्या टोकांना टेस्टर लावायला सांगावं. टेस्टर पेटला तर पैसे नंतर, आधी बोर्ड पुन्हा उघडायचा.

पत्र्याच्या बॉडीचा पंखा असेल तर तिसरी, हिरवी वायर लागतेच. ती 'वर पोचत नाही' म्हणून कापून टेप गुंडाळण्याची पद्धत जुन्या इमारतींत सर्रास दिसते. अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी काम करतो. फरक एवढाच की बॉडीत उतरलेली वीज कुणाचा तरी हात लागल्यावर आरसीसीबीला कळते. अर्थिंग असेल तर ती उतरताक्षणीच कळते.

घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत आहे. जुना पंखा काढून तसाच नवा लावणं घरमालकाला मोकळं आहे. नवा पॉइंट काढायचा तर ते परवानाधारकाचं काम, हेही त्याच नियमांत आहे. अडचण अशी की नव्या जोडणीच्या वेळी वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट एकदा द्यावा लागतो, त्यानंतरच्या वीस-तीस वर्षांत घरात कुठून काय ओढलं हे बघायला कुणी येत नाही. आरसीसीबी बसवला आणि तो वारंवार पडू लागला, तर बऱ्याच ठिकाणी त्याला 'डायरेक्ट' करून टाकतात. वास्तविक तो पडतो कारण दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठे तरी एकत्र बांधलेले असतात, किंवा गिझरचं एलिमेंट गळत असतं. दुखणं सांगणाऱ्यालाच गप्प बसवण्याचा हा प्रकार आहे.

दोष एकट्या वायरमनवर ढकलणं सोपं आहे. पण टाइल्स निवडायला चार दुकानं पालथी घालणारं घर मीटरबोर्डातल्या एका उपकरणाला नाही म्हणतं, आणि ते उपकरण शॉवरच्या एखाद्या चांगल्या डायव्हर्टरहून स्वस्त असतं. इथं सोसायट्यांना करण्यासारखं बरंच आहे. टाकी धुण्याचा आणि लिफ्टच्या देखभालीचा खर्च वार्षिक सभेत मंजूर होतोच. त्याच यादीत प्रत्येक फ्लॅटच्या आरसीसीबीची तपासणी घालायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे. ज्या घरात जाणार नाही, किंवा दाबायला बटणच नसेल, त्यांची नावं लिहून घ्यायची आणि परवानाधारक वायरमनकडून सगळ्यांचं काम एकदम करून घ्यायचं, म्हणजे दरही कमी पडतो. गणपतीची वर्गणी दारोदार गोळा करणाऱ्या राजारामपुरीला अशा फेरीची सवय नवी नाही.