पिटबुल : वंश आणि स्वभाव



‘पिटबुल जन्मतःच क्रूर असतो’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान २००७ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात उघडकीस आलेल्या मायकेल व्हिक प्रकरणाशी ताडून पाहिल्यास टिकत नाही. पिटबुल ही एकच काटेकोर जात नसून काही टेरिअर जातींना व त्यांच्या संकरांना मिळून दिलेले ते ढोबळ नाव आहे. व्हिक या फुटबॉलपटूच्या आवारातून झुंजींसाठी पाळलेली सुमारे पन्नास कुत्री जप्त झाली, तेव्हा काही प्राणिहितवादी संघटनांनीही ती मारून टाकावीत असे सुचवले होते. प्रत्यक्षात प्रत्येकाची स्वतंत्र स्वभावचाचणी, म्हणजे माणसे व अन्य कुत्री यांना ते कसा प्रतिसाद देते याची तपासणी झाली आणि बहुतेक सर्व वाचली. त्यांपैकी जॉनी जस्टिस हा गुणी, प्रेमळ कुत्रा वाचनाला बिचकणाऱ्या मुलांशेजारी शांत बसून त्यांचे वाचन ऐकत असे, आणि २०१४ मध्ये एएसपीसीए या प्राणिसंरक्षण संस्थेने त्याला वर्षातील सर्वोत्तम कुत्रा म्हणून गौरवले. त्याचे स्मरण या वादात अगत्याने व्हायला हवे. बलवान जबड्याचा चावा गंभीर ठरतो, ही पत्रलेखकाची चिंता रास्तच आहे. परंतु न्यायालयाने दोष वंशावर न ठेवता कुत्र्यांच्या संगोपनासाठी सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर व्हिकलाच भरायला लावले.

– एक वाचक